हात टेकणे

४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
टाचणीचा नमस्कार.

तुला फोनवरचं ऐकू येत नाही ते एका परीने बरंच आहे. हे मला तोंडाने सांगता आलं नसतं.

यांच्या उजव्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी, मागच्या वर्षी वाटाण्याएवढी गाठ आली. आम्ही तिला कात्रीचा घट्टा समजलो. तीस वर्षं कात्री चालवणाऱ्याच्या हाताला घट्टा पडायचाच, म्हणून मी खोबरेल लावत राहिले. गेल्या महिन्यात अंगठा कात्रीच्या कडीत जाईना, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. तुकडा काढून तपासला. गाठ वाईट जातीची निघाली.

मोठ्या रुग्णालयातले सर्जन म्हणतात, मनगटापासून हात काढा आणि लवकर काढा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, महिनाभर गोळ्या देऊन बघता येईल, एखाद्याची गाठ आकसते, पण पसरली तर मी जबाबदार नाही. मी विचारलं, "तुमच्या घरातलं माणूस असतं तर काय केलं असतं?" त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी आल्यावर मी यांना विचारलं. हे म्हणाले, "जन्मभर लोकांचे कपडे बेतले मी. हे मला बेतता येत नाही. तू बेत. तू म्हणशील तिथे सही करतो." आणि डाव्या हाताने बॉबिन भरायला बसले.

आत्या, माझं डोकं चालत नाही. रुग्णालयाचा फॉर्म टाचण्यांच्या डबीखाली ठेवला आहे. सकाळी दात घासताना ठरतं की हात जाऊ दे, माणूस राहू दे. चहा होईपर्यंत वाटतं, गोळ्यांनी आकसली असती तर? मग धडधाकट कटरचा हात कापणारी बाई मीच. आणि थांबले आणि पसरली, तर नवऱ्याला मारणारीही मीच. दुपारी गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहतं आणि मी टेप त्याच्या खांद्यावर ठेवून विसरून जाते. काल एकाची छाती दोनदा मोजली आणि कंबर लिहून घेतली.

चिठ्ठ्याही टाकल्या. देवासमोर दोन कागद, एकावर 'हो', एकावर 'नाही'. आधी 'हो' आला. मनाला पटलं नाही म्हणून पुन्हा टाकल्या, तर 'नाही'. मग म्हटलं, तिसऱ्यांदा येईल ते खरं. तिसऱ्यांदा दोन्ही चिठ्ठ्या एकदम हाताला चिकटून आल्या. हसू नकोस.

तू सांग. मला कात्री धरायला तू शिकवलंस, आमचं लग्नही तूच जमवलंस. तू म्हणशील ते मी डोळे मिटून करीन.

जाता जाता दुकानातलं एक. पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजींनी गरम कोटाचं कापड आणलं आहे. त्यांच्या वारलेल्या भावाचं, वीस वर्षं ट्रंकेत पडलेलं. मुलीच्या लग्नात त्याचाच कोट घालायचा आहे. कापड जेमतेम आहे, बोटभर चुकलं तर दुसरं मिळायचं नाही, आणि हाताला पुठ्ठ्यासारखं ताठ लागतं. लगेच कापावं का? हे म्हणाले, "आत्यांना विचार."

तुझी,
टाचणी

---

११ ऑक्टोबर (कार्ड)

चि. टाचणी, पत्र मिळालं. कापू नकोस. आठ-पंधरा दिवस सावलीत, हवेवर राहू दे. इतकी वर्षं आत जो ताण धरून ठेवला आहे तो आपसूक निघेल. एकदा कात्री लागली की मागे येता येत नाही. मास्तरांना आशीर्वाद सांग. बाकी सविस्तर लिहीन.

आत्या

---

१६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं कार्ड आलं आणि महिनाभरात पहिल्यांदा मी पोटभर जेवले. कार्ड यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आत्या म्हणतात तर तसंच." त्यांच्याही चेहऱ्यावरचं ओझं उतरल्यासारखं मला दिसलं.

तू लिहिलंस त्याप्रमाणे सगळं चालू आहे. सकाळी दहाला यांना वरच्या गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसवते. ऊन आलं की खुर्ची सरकवायची, सावली सुटू द्यायची नाही. हवा चांगली येते. हातावर पातळ फडकं टाकते. दुकानाचा विषय काढायचा नाही, गाठीचा तर नाहीच नाही. आतला ताण निघायला हवा असं तू म्हणालीस ते मला शंभर टक्के पटलं. या माणसाने आयुष्यात कुणाला उलटून उत्तर दिलं नाही; सगळं त्या हातातच साठलं असेल. दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू केल्या आहेत. रुग्णालयाचा फॉर्म बटणांच्या डब्यात तळाशी घातला.

दुपारी मीही त्यांच्याजवळ बसते, काज करत. काल हे एकदम म्हणाले, "लग्नानंतर आपण असे कधी बसलो होतो गं?" मला आठवेना. बसलोच नव्हतो बहुतेक.

गाठ थोडी टणक लागते. रंगही जरा बदलला आहे. पण सुटताना तसं होतच असेल.

चिठ्ठ्या वगैरे आता बंद. खरं सांगायचं तर देवासमोर उभं राहणंच बंद केलं. तुझं उत्तर मिळाल्यावर त्याला कशाला त्रास द्यायचा?

घड्याळजींच्या कापडाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. विसरलीस वाटतं. त्यांना थोपवून धरलं आहे. माणूस भला, पण रोज दारावरून जाताना मनगटावरचं घड्याळ बघतो.

तुझी,
टाचणी

---

२१ ऑक्टोबर

चि. टाचणी,

हे पत्र उभ्या उभ्या वाच आणि वाचून झालं की लगेच निघ.

ते कार्ड कापडाबद्दलचं होतं. घड्याळजींच्या कापडाबद्दल. सावलीत आणि हवेवर कापड ठेवतात गं, माणूस नाही. ट्रंकेतलं लोकरीचं कापड घडीत ओढलेलं असतं, ते मोकळं पडलं की आटायचं तेवढं आटतं आणि मग कापायचं. त्याचा ताण. मास्तरांच्या मनाचा नाही. मास्तरांच्या हाताबद्दल मी त्या कार्डात एक अक्षर लिहिलं नव्हतं.

तुझं पत्र वाचताना मला आधी काही कळेचना. गॅलरी काय, खुर्ची काय. मग वेताच्या खुर्चीत हातावर फडकं टाकून बसलेले मास्तर डोळ्यांसमोर आले आणि मी शेजारच्या शिक्षिकाबाईंना हाक मारली. त्यांनी तुझ्या दुकानात तीनदा फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. आता कळतं का नाही उचलला. तुम्ही दोघं वर सावलीत होता.

मांडीचं हाड मोडल्यापासून मला जिना उतरता येत नाही, नाहीतर मी या कागदाच्या आधी पोचले असते.

आजच्या आज सर्जनकडे जा. मी डॉक्टर नाही, कापा किंवा कापू नका हे मला कळत नाही, पण दाखवायला उशीर करू नकोस. गाठ टणक झाली, रंग बदलला, हे तू सुटण्याचं लक्षण कुठून काढलंस?

घाईत आहे, बाईच हे टपालात टाकणार आहेत.

आत्या

---

२७ ऑक्टोबर

आत्या,

गेलो होतो. सर्जननी हात बघितला, मग काखेपर्यंत चाचपत गेले आणि तिथेच पुन्हा पुन्हा दाबून बघू लागले. तेव्हाच मला कळलं. आता मनगटावर भागणार नाही. कोपराच्या वर. त्यांनी जुन्याच फॉर्मवर 'मनगट' हा शब्द खोडला आणि वर दुसरं लिहिलं, जसं आपण माप बदललं की पावतीवर खोडतो. आठ-दहा दिवसांत ठरवा म्हणाले. त्यानंतरही खात्री नाही म्हणाले. मी विचारलं, दोन आठवड्यांपूर्वी आलो असतो तर? त्यांनी पेनाला टोपण लावलं. डॉक्टरांना हे कुठे शिकवतात कोण जाणे.

मी तुला हाताबद्दल दोन पानं लिहिली होती आणि कापडाबद्दल चार ओळी. तू त्या चार ओळींना उत्तर दिलंस. का? एवढंच मला कळू दे. तुझी भाची तुझ्या पायाशी येऊन विचारते, माझ्या नवऱ्याचं काय करू, आणि तू लोकर कशी आटते ते कळवतेस? रागाने लिहिते आहे, माफ कर किंवा करू नकोस.

आणि सगळ्यांत वाईट ऐक. एवढं होऊनही मला ठरवता येत नाही. उलट आता जास्तच येत नाही. एकदा माझ्या थांबण्याने कोपर गेला. आता पुढचं पाऊल टाकायला मी कोण? एवढा हात काढला आणि तरी पसरलंच असेल तर? शेवटचे चार महिने या माणसाने हात नसताना काढायचे आणि ते माझ्यामुळे? फॉर्म समोर ठेवते, पेन उघडते, शाई वाळते, पेन बंद करते. असं काल दिवसभर.

हे ताटातला घास डाव्या हाताने उचलतात, अर्धा सांडतो, आणि मी बघते आहे हे दिसलं की जेवण पुरे म्हणतात. गालफडं आत गेली आहेत. दुखतं का विचारलं तर "नाही" म्हणतात आणि त्याच वेळी कपाळावर घाम असतो.

देवासमोर पुन्हा उभी राहायला लागले. दात आवळून म्हणते, मला स्पष्ट सांग. एकच शब्द सांग. तो सांगत नाही. तुझ्यासारखाच.

हात टेकले मी, आत्या. आता माझ्याच्याने होत नाही.

टाचणी

---

३१ ऑक्टोबर

माझ्या टाचणी,

तू विचारलंस, का. त्याचं उत्तर आधी देते.

तुझे आतोबा झोपेत गेले असं आम्ही तुम्हा सगळ्यांना सांगितलं. तसं नव्हतं. त्यांच्या पोटात फोड होता. ऑपरेशन करायचं का हे मला विचारलं, मी हो म्हटलं, सही केली, आणि ते टेबलावरून परत आले नाहीत. तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून बाही किती ठेवायची यापलीकडचा सल्ला मी कुणालाही दिलेला नाही. तुझं पत्र आलं, पहिली दोन पानं वाचून माझे हात कापायला लागले. म्हणजे थरथरायला, आता हा शब्दही जपून लिहावा लागतो. शेवटच्या चार ओळी कापडाच्या होत्या. तिथे मला काय सांगायचं ते माहीत होतं. तेवढ्याचं उत्तर लिहिलं आणि 'बाकी सविस्तर लिहीन' म्हणून सुटका करून घेतली. सविस्तर मी काही लिहिणार नव्हते, बाळ. मी भ्याले. मास्तरांचा कोपर गेला असेल तर त्यात माझाही वाटा आहे. हे मी तुझ्या समाधानासाठी म्हणत नाही.

आता तुझं शेवटचं वाक्य. हात टेकले, म्हणतेस.

शिवणवर्गात मी तुम्हा मुलींना एक सवय लावली होती. कापड टेबलावर पसरलं, खडूच्या खुणा झाल्या, की कात्री उचलण्याआधी दोन्ही रिकामे हात कापडावर उपडे टेकवायचे आणि वीस आकडे मोजायचे. सुरकुत्या जातात, असं मी सांगायचे. सुरकुत्या हात फिरवल्याने जातात, नुसते टेकवल्याने कशा जातील? तुम्ही बावीस जणी होतात, एकीलाही हे विचारावंसं वाटलं नाही. वीस आकडे तुम्ही मोजायचात. मी तेवढ्यात प्रार्थना करायचे. कापड दुसऱ्याचं, अंग दुसऱ्याचं, आपले फक्त हात, आणि तेही त्यानेच दिलेले. मी म्हणायचे, "देवा, मला दिसलं तेवढं मी बघितलं. पुढचं मला दिसत नाही. चुकले तर मला टाकू नकोस." एवढंच. आणि मग कात्री उचलायची. लोक हात टेकले म्हणजे संपलं असं म्हणतात. आपल्या टेबलावर हात टेकल्याशिवाय काम सुरूच होत नव्हतं.

तू दात आवळून मागतेस म्हणतेस. काय मागतेस ते नीट बघ. तुला उत्तर नको आहे. तुला लेखी हमी हवी आहे, की पुढे काहीही झालं तरी तुझ्यावर बोल येणार नाही. चिठ्ठ्या टाकल्यास, त्या हमीसाठी. मला विचारलंस, तेही त्याचसाठी. अशी हमी तो देत नाही. मलाही दिली नव्हती. ते गेले तेव्हा मी त्याच्याशी भांडले आणि वर्ग बंद केला. तू विचारायचीस, आत्या, वर्ग का बंद केलास, आणि मी डोळ्यांचं कारण सांगायचे. डोळे चांगले होते. हात टेकवायची मला लाज वाटायला लागली होती, दुसरं काही नाही.

इतक्या वर्षांनी मला एवढं कळलं आहे की ती सही चुकीची नव्हती. माणूस गेला, तरी चुकीची नव्हती. आणि ऑपरेशन चालू असताना रुग्णालयाच्या बाकावर मी एकटी बसले होते असं मला वाटायचं, तसं नसावं. नाहीतर मी आज हे लिहायला उरले नसते.

म्हणून तुला कापा किंवा कापू नका हे मी आजही सांगणार नाही. भीतीने नाही. ते तुम्हा दोघांचं आहे. तू फक्त दुकानात जा, टेबल मोकळं कर आणि हात टेकव. शहाणी होऊन जाऊ नकोस. कळत नाही असं सांग. तुझं पत्र मांडीवर घेऊन मी आज सकाळी टेकवले, तेवीस वर्षांनी.

तुझी आत्या

---

७ नोव्हेंबर

ती. आत्यास,

रुग्णालयाच्या बाकावरून लिहिते आहे. गुडघ्यावर वही आहे, अक्षर हलेल.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. टेबलावर पसरायला दुसरं कापड नव्हतं, म्हणून घड्याळजींचंच पसरलं. हात टेकवले. वीस मोजले. काही झालं नाही. पुन्हा वीस मोजले. बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, कापडाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, आणि मला वाटलं, काय हा पोरखेळ. मग तू लिहिलं होतंस ते आठवलं आणि मोठ्याने म्हटलं, मला कळत नाही. एकदा म्हटल्यावर थांबताच येईना. मला कळत नाही, मी भित्री आहे, मला सगळ्यांच्या नजरेत चांगली बायको राहायचं आहे आणि त्यापायी हा माणूस वाळत चालला आहे. आणखीही एक गोष्ट त्याला सांगितली. ती तुला आज लिहिण्याचं धाडस माझ्यात नाही. कापडावर डोळ्यांतलं पाणी पडलं. लोकर आहे, डाग राहायचा नाही.

कुणी काही बोललं नाही, आत्या. आवाज नाही, खूण नाही. पण मी जिना चढून वर गेले आणि यांना आजवर न विचारलेलं विचारलं. काय करायचं, असं नाही. तुम्हाला कशाची भीती वाटते, असं. यांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाले, "हात जाण्याची नाही गं. हात गेल्यावर तू मला दुकानात शोभेला बसवशील, गिऱ्हाइकांना बघायला. कापायचं तू आणि मी नुसता मास्तर." मी म्हटलं, "खुणा कोण करणार? माझी खडूची रेघ कधी सरळ आली आहे का?" हे हसले. मग रडले. तीस वर्षांत मी यांना रडताना बघितलं नव्हतं. मी यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "मला तुम्ही हवे आहात. चुकत असेन तर चुकते. आपण जाऊ या." बेतलं ते असं.

फॉर्मवर सही यांनी उजव्याच हाताने केली. पेन धरवत नव्हतं, मी बोटांभोवती माझी बोटं धरली. म्हणाले, "जाणाऱ्याचीच सही असू दे." सर्जननी मान खाली घातली.

काल सकाळी ऑपरेशन झालं. साडेचार तास. देवावर भरवसा ठेवला की भीती जाते असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. भीती गेली नाही. तिसऱ्या तासाला मी बाथरूममध्ये नळ सोडून तोंडात पदर कोंबला आणि ओरडले. मग बाकावर येऊन मांडीवर हात उपडे टेकवले. शेजारच्या बाईने विचारलं, काय मोजताय? मी म्हटलं, वीस.

हे शुद्धीवर आले आहेत. नसलेला अंगठा दुखतो म्हणतात. मी चादरीवर त्या रिकाम्या जागी हात ठेवून बसते. काखेतल्या गाठींचा रिपोर्ट यायचा आहे. तो काय येईल मला माहीत नाही. मला वाटत होतं, ठरवल्यावर हलकं वाटेल. हलकं वाटत नाही. पण आज सकाळी दात घासताना जे ठरलेलं होतं तेच आता, दुपारीही, आहे.

तुझी,
टाचणी

---

१९ डिसेंबर

ती. आत्या,
सप्रेम नमस्कार.

हे अक्षर माझं आहे, म्हणजे डाव्या हाताचं. तीन दिवस लिहितो आहे, तेव्हा थोडक्यात आवरतो.

टाके निघाले. काखेतल्या दोन गाठींत एक वाईट निघाली. तीही काढली आहे. पुढचं सहा महिन्यांनी कळेल. सर्जन "बघू" म्हणतात. ते माप आपल्याकडे नाही.

घड्याळजींचा कोट गेल्या आठवड्यात कापला. कापड तुमच्या सांगण्याप्रमाणे सावलीत मोकळं पडून होतं, अर्धं बोट आटलं. मी डाव्या हाताने खुणा केल्या, रेघ हिची येते त्याहून वाकडी आली. कात्री हिने घेतली. त्याआधी हिने हात टेकवले आणि माझ्याकडे बघितलं. मग मीही टेकवला. टेबलावर तीन हात झाले. कोटाची डावी बाही पाव इंच लांब झाली आहे. घड्याळजींनी भिंग लावून बघावं तशी वाकून बघितली आणि म्हणाले, "भावाचा हात लांबच होता." लग्न त्याच कोटात लागलं.

आता हे पत्र लिहायचं कारण. तुमचं कार्ड कापडाबद्दलचं आहे हे मला ते वाचलं गेलं त्याच क्षणी कळलं होतं. तीस वर्षं याच धंद्यात आहे मी. सावलीत, हवेवर, म्हटल्यावर मला दुसरं काय वाटणार? तरी मी "आत्या म्हणतात तर तसंच" म्हणालो. मला थांबायला कुणाचा तरी शब्द हवा होता, तो मिळाला. कोपर माझा गेला आणि घालवलाही मीच. तुम्ही दोघी त्याचं ओझं वाहत होतात आणि मी वेताच्या खुर्चीत बसून ते बघत होतो.

टेबलावर तीन हात टेकले त्या दिवशी हे मी आधी देवाला सांगितलं. माझ्यासारख्याचं तो ऐकतो का हे मला ठाऊक नाही, पण सांगितलं. मग त्याच संध्याकाळी हिला सांगितलं. ही काज करत होती. सुई थांबली. मला वाटलं, आता ही उठून जाईल.

ही म्हणाली, "मलाही कळलं होतं."

कार्ड हातात घेतल्याबरोबर कळलं होतं, म्हणाली. तरी मोठ्याने वाचून दाखवलं, की मी तरी म्हणेन, अगं, हे कापडाचं आहे. मी म्हणालो नाही. देवाला सांगितलेली आणि तुम्हाला न लिहिलेली गोष्ट ती हीच. तुम्हाला तिने रागाचं पत्र लिहिलं, ते लिहितानाही ठाऊक होतं. तेवढे दिवस आम्ही दोघं एकमेकांना फसवत त्या सावलीत बसलो होतो आणि दोघांनाही वाटत होतं, लग्नानंतर इतकं जवळ आपण कधी बसलो नाही.

मग हिने उरलेली काजं पुरी केली आणि मी डाव्या हाताने दोरा तोडून देत गेलो.

तुमची माफी मागायची आहे. हिलाच लिहायला सांगत होतो. ही म्हणाली, तुम्हीच लिहा, आत्याला हे लिहायला माझा हात धजत नाही. माझा एकच आहे. तो धजला.

तुमचा,
मास्तर